एचसीव्हीचे दोन रिपोर्ट, दोन उत्तरं

हर्नियाचं नाहीतर मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतं. आदल्या दिवशी रक्त जातं, एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी) आणि एचसीव्ही (लिव्हरला सूज आणणारा हिपॅटायटिस सी) अशा तीन तपासण्या होतात आणि संध्याकाळी निरोप येतो, 'एचसीव्ही पॉझिटिव्ह आलंय, ऑपरेशन जरा पुढं ढकलूया.' घरात कुणी या रोगाचं नाव कधी ऐकलेलं नसतं. मग कुणीतरी पाहुणा सांगतो, इथल्या निपाणीच्या लॅबचं काही खरं नाही, कोल्हापूरला नाहीतर मिरजेला जाऊन परत करा. तिथं रिपोर्ट येतो नॉन-रिऍक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. आता निपाणीचा खरा की कोल्हापूरचा? की तिसरा बेळगावात करायचा?

तिसऱ्या लॅबमध्ये हीच तपासणी पुन्हा करण्यात अर्थ नाही. तीन रिपोर्टांचं मतदान घेऊन संसर्ग ठरत नसतो. आधी हे बघायचं की दोन्ही रिपोर्टांनी रक्ताला प्रश्न एकच विचारला होता का. बऱ्याचदा तो वेगवेगळा असतो. आणि एकच असला, तरी त्याचं शेवटचं उत्तर त्या तपासणीकडे नसतंच.

अँटीबॉडी वेगळी, विषाणू वेगळा

रिपोर्टवर 'अँटी-एचसीव्ही' असं लिहिलेलं असेल, मग तो कार्डावरचा असो, एलायझा असो की क्लिया मशीनवरचा (या दोन्ही मोठ्या लॅबमधल्या पद्धती), तर त्यात विषाणू शोधलेलाच नाही. शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, म्हणजे अँटीबॉडी, तेवढी शोधली आहेत. 'एचसीव्ही आरएनए', 'पीसीआर' किंवा 'व्हायरल लोड' असं लिहिलेलं असेल तर मात्र विषाणूचा स्वतःचा जनुकीय माल शोधलाय. खानापूरकडच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. बांधावर गव्याचे ठसे दिसले म्हणजे गवा येऊन गेला हे नक्की, पण आत्ता तो उसात आहे की नाही हे ठशांवरून सांगता येत नाही. अँटीबॉडी म्हणजे ठसे.

हे ठसे वर्षानुवर्षं राहतात. संसर्ग झालेल्या शंभरातल्या साधारण १५ ते ४५ जणांच्या शरीरातून विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना निघून जातो, पण अँटीबॉडी मागं उरते. औषध घेऊन पूर्ण बरा झालेल्या माणसाचीही अँटीबॉडी पॉझिटिव्हच येते. त्यामुळे 'अँटी-एचसीव्ही रिऍक्टिव्ह, आरएनए नॉट डिटेक्टेड' ही जोडी बघून गोंधळायचं कारण नाही. दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात.

उलटं टोकही असतं. विषाणू शरीरात शिरल्यावर एक-दोन आठवड्यांत आरएनए सापडायला लागतो, पण अँटीबॉडी दिसण्याइतकी तयार व्हायला साधारण ८ ते ११ आठवडे जातात, क्वचित सहा महिनेही. या मधल्या काळात अँटीबॉडी नॉन-रिऍक्टिव्ह आणि आरएनए पॉझिटिव्ह असं येतं. डायलिसिसवरच्या, एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या माणसात अँटीबॉडी नीट तयारच होत नाही, मग ही जोडी जास्त दिवस दिसू शकते.

कार्ड रिऍक्टिव्ह, एलायझा नॉन-रिऍक्टिव्ह

सगळ्यात जास्त डोकेदुखी याच जोडीची. तालुक्याच्या गावात ऑपरेशनाआधीची तपासणी बहुतेक कार्डावर होते. पट्टीवाल्या कार्डावर एक कंट्रोल रेघ आणि एक टेस्ट रेघ असते. ट्रायडॉट प्रकारात एक कंट्रोल ठिपका आणि दोन टेस्ट ठिपके. वीस मिनिटांच्या आत उत्तर मिळतं, मोठं मशीन लागत नाही, रात्रीच्या सिझेरियनला दुसरा पर्यायही नसतो. कार्डाला नावं ठेवायचं कारण नाही. ते कसं वाचलं, हे मात्र विचारायला हवं.

कार्ड वाचायची वेळ किटच्या कागदावर छापलेली असते, पट्टीच्या प्रकारात बहुधा १५ ते २० मिनिटं. त्यापेक्षा उशिरा बघितलं तर वाळलेल्या पट्टीवर फिकट रेघ उमटू शकते आणि घाईत ती 'फेंट पॉझिटिव्ह' म्हणून लिहिली जाते. पाऊच आधीच फोडून ठेवला आणि खानापूर-जांबोटीकडचा पावसाळी दमट वारा त्याला लागला, तर पट्टी नीट वाहत नाही. रक्त पुरतं गोठायच्या आत सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवलं तर सीरममध्ये, म्हणजे गोठलेल्या रक्तावरच्या पाण्यात, फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) बारीक तंतू राहतात. ते कार्डावर अडकून रेघ काढतात आणि मोठ्या मशीनवरही खोटं रिऍक्टिव्ह देऊ शकतात. साध्या ट्यूबमधलं रक्त निदान अर्धा तास उभं ठेवायचं, मग फिरवायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं त्याहून जास्त वेळ. उत्तर संशयास्पद आलं तर तेच सीरम पुन्हा फिरवून तपासणी परत लावायची. एलायझात पहिल्यांदा रिऍक्टिव्ह आलेला नमुना त्याच सीरममधून दोन खणांत परत लावतात आणि दोन्ही खण नॉन-रिऍक्टिव्ह आले तर नॉन-रिऍक्टिव्ह कळवतात. तुमच्या लॅबनं हे केलं का, एवढं विचारायला हरकत नाही. चांगली लॅब या प्रश्नावर चिडत नाही.

खोटं रिऍक्टिव्ह येण्यात शरीराचाही वाटा असतो. संधिवातासारखे स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार, दुसरा एखादा ताजा संसर्ग, रक्तात वाढलेली इम्युनोग्लोब्युलिन्स यामुळे किट फसू शकतं. आपल्याकडे पाण्यातून होणाऱ्या कावीळीच्या साथीत हे ध्यानात ठेवावं. हिपॅटायटिस ए किंवा ई झालेल्या माणसाचा सगळा 'हिपॅटायटिस पॅनेल' काढला जातो आणि त्यात एचसीव्ही किंचित रिऍक्टिव्ह निघतं. डोळे पिवळे आहेत म्हणून ते लगेच खरं मानलं जातं. वास्तविक हिपॅटायटिस सी नव्यानं होतो तेव्हा बहुतेकांना कावीळ दिसतच नाही.

आणि गणित. समजा हजार माणसांत पाचजणांना खरोखर संसर्ग होऊन गेलाय, आणि किट इतकं चांगलं की संसर्ग नसलेल्या शंभरातल्या ९९ जणांना बरोबर नॉन-रिऍक्टिव्ह सांगतं. तरीसुद्धा ९९५ निरोगी माणसांत जवळपास दहाजण खोटे रिऍक्टिव्ह निघणार. म्हणजे एकूण पंधरा रिऍक्टिव्ह, त्यातले दहा खोटे. तेच किट डायलिसिस विभागात वापरा, जिथं समजा शंभरात दहाजणांना संसर्ग आहे. हजारात शंभर खरे आणि नऊ खोटे. किट तेच, रिपोर्टवरचा शब्द तोच, पण त्या शब्दाचं वजन माणसागणिक बदललं. म्हणून रिपोर्ट बघण्याआधी पुढचे प्रश्न विचारायचे. २००१ च्या आधी कधी रक्त चढवलं होतं का? आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत एचसीव्हीची सक्तीची तपासणी त्या सुमारास सुरू झाली. डायलिसिस? एकाच सुईनं अनेकांना दिलेली इंजेक्शनं? चिंचली-सौंदत्तीच्या जत्रेत गोंदवून घेतलंय का? सुईनं नशा केली होती का? हा शेवटचा प्रश्न घरच्यांसमोर विचारू नये, खरं उत्तर मिळत नाही.

आकड्याचा अर्थ

क्लिया किंवा एलायझाच्या रिपोर्टवर शब्दाशेजारी एक आकडा असतो, एस बाय सीओ किंवा सीओआय, म्हणजे नमुन्याचा सिग्नल काठाच्या आकड्याच्या किती पट आहे ते. १ च्या खाली नॉन-रिऍक्टिव्ह, १ किंवा जास्त असेल तर रिऍक्टिव्ह. काही मशीनवर ०.९ ते १ हा काठावरचा पट्टा 'बॉर्डरलाइन' म्हणून वेगळा धरतात.

या आकड्यावरून दोन गैरसमज होतात. आकडा मोठा म्हणजे रोग मोठा, हा पहिला. तसं नाही. १८ आलेल्या माणसाच्या शरीरात विषाणूचा मागमूस नसेल आणि ६ आलेल्याच्या रक्तात लाखोंनी असेल. मोठा आकडा एवढंच सांगतो की अँटीबॉडी खरी असण्याची शक्यता दांडगी आहे. दुसरा गैरसमज म्हणजे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून 'वाढलं' किंवा 'कमी झालं' म्हणणं. प्रत्येक मशीनची मोजपट्टी वेगळी. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं मागं काही मशीनसाठी असे आकडे दिले होते की त्याच्या वर रिऍक्टिव्ह आलं तर ते शंभरातल्या किमान ९५ वेळा खरं धरता येईल. अ‍ॅबटच्या आर्किटेक्टसाठी ५, व्हिट्रॉससाठी ८, ठरावीक एलायझासाठी ३.८. यावरूनच कळावं की ४ हा आकडा एका मशीनवर बऱ्यापैकी भक्कम आणि दुसऱ्यावर डळमळीत ठरतो. आकड्याशेजारी मशीनचं किंवा पद्धतीचं नाव छापलेलं नसेल तर लॅबला फोन करून विचारा आणि पेनानं लिहून ठेवा.

१ ते ३ च्या दरम्यान रेंगाळणारे आकडे, कुठलीही जोखीम नाही, एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी तपासणी) ठीक, अशी बहुतेक प्रकरणं पुढं खोटी ठरतात. पण 'बहुतेक'वर फाइल बंद करता येत नाही. पूर्वी अशा वेळी इम्युनोब्लॉट नावाची दुसऱ्या पद्धतीची अँटीबॉडी तपासणी करायचे. ती आता फारशी वापरात नाही. सरळ आरएनए करतात, आणि तेच योग्य आहे. आरएनए नॉट डिटेक्टेड आला आणि तरीही जुना संसर्ग होता की किटच फसलं होतं हे जाणायचंच असेल, तर वेगळ्या कंपनीच्या किटवर अँटीबॉडी एकदा करून बघता येते. दोन वेगळ्या बनावटीची किटं एकाच माणसात एकाच पद्धतीनं फसण्याची शक्यता कमी. उपचाराच्या दृष्टीनं मात्र त्यानं काही बदलत नाही.

आरएनएसाठी रक्त कसं द्यायचं

निर्णय याच एका तपासणीवर अवलंबून, म्हणून इथं कंजूषपणा करू नये. खाजगीत तिला काही हजार रुपये लागतात. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या माणसानं बिम्सशी (बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजशी) जोडलेल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करून सुरुवात करावी. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीच्या महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेवरून जो वाद चालतो तो इथं आणायचं कारण नाही. हा कार्यक्रम केंद्राचा आहे, कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या दोन्ही बाजूंना आहे. फक्त एका केंद्रात नोंदणी करून दुसऱ्या राज्यात परत नव्यानं नोंदणी करू नका. नोंदणी क्रमांक जपून ठेवा आणि केंद्र बदलायचंच असेल तर त्याच क्रमांकावर बदलून मागा.

रक्त जांभळ्या टोपीच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्यायचं, प्रौढ माणसाचं साधारण ५ ते ६ मिली, म्हणजे तीन मिलीच्या दोन ट्यूब. हिरव्या टोपीची हेपारिन ट्यूब चालत नाही, कारण हेपारिन पीसीआरची प्रक्रियाच अडवतं. ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटसुलट करायची, खळखळायची नाही. प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी सोडून उरलेला पातळ भाग, वेगळा करायची मुदत किटप्रमाणे ६ ते २४ तास असते. तो वेगळा झाल्यावर थंड ठेवून पाठवायचा, उशीर लागणार असेल तर गोठवून. अख्खं रक्त मात्र कधीच गोठवायचं नाही. तांबड्या पेशी फुटतात आणि त्यातलं हिमोग्लोबिनही पीसीआरला अडथळा आणतं.

घोळ होतो तो प्रवासात. अथणी, रायबाग, हुक्केरीकडून नमुना बेळगावला आणि तिथून मोठ्या लॅबच्या मुख्य केंद्रात बंगळूर-मुंबईला जातो. शनिवारी दुपारी काढलेलं रक्त सोमवारी निघालं, एप्रिल-मेच्या उन्हात आइसपॅकविना पडून राहिलं, तर आरएनए तुटतो आणि आकडा खोटाच कमी येतो. फार थोडा विषाणू असला तर सापडतही नाही. म्हणून आरएनएचं रक्त सोमवार ते गुरुवार, सकाळच्या वेळात द्यावं. जमत असेल तर जिथं प्लाझ्मा तिथल्या तिथं वेगळा करतात अशा ठिकाणी. जीनएक्स्पर्ट किंवा ट्रूनॅट या छोट्या पीसीआर मशीनवर एचसीव्ही होत असेल तर आणखी बरं, कारण नमुना लांब जात नाही.

डायलिसिसवाल्यांचं रक्त मशीनवर चढायच्या आधी घ्यायचं, हेपारिन दिल्यानंतर नाही. डायलिसिस चालू असताना विषाणूचं प्रमाण तात्पुरतं खाली येतं आणि हेपारिन नमुन्यात मिसळतं. दोन्हीमुळे खोटं नॉट डिटेक्टेड येऊ शकतं.

आरएनए रिपोर्टवरचे शब्द

'टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे विषाणू सापडला नाही. 'डिटेक्टेड, १५ पेक्षा कमी' म्हणजे सापडलाय, पण मोजता येईल इतका नाही. १५ च्या जागी मशीनप्रमाणे १० किंवा १२ असेल. घाईत लोक दोन्हीला निगेटिव्ह म्हणतात. उपचार न घेतलेल्या माणसात दुसऱ्या प्रकारचा रिपोर्ट आला तर नवीन नमुन्यावर तपासणी परत करावी. तिसरा शब्द 'इनव्हॅलिड'. मशीनमध्ये घातलेला अंतर्गत कंट्रोलच चालला नाही, म्हणजे तपासणी झालीच नाही. त्याला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह काहीच म्हणायचं नाही, रक्त परत द्यायचं. हल्ली काही मोठ्या केंद्रांत एचसीव्ही कोअर अँटिजेनही करतात. तेही विषाणूचाच भाग शोधतं, त्यामुळे पॉझिटिव्ह आलं तर चालू संसर्ग धरता येतो. पण रक्तात विषाणू अगदी थोडा असेल तर ते चुकवतं, म्हणून कोअर अँटिजेन निगेटिव्ह आलं तर आरएनएनं खात्री करायची.

दोन लॅबच्या व्हायरल लोडमध्ये फरक दिसला की पोटात गोळा येतो. बेळगावात ६,४०,००० आणि पंधरा दिवसांनी कोल्हापुरात १४,२०,०००. दुपटीपेक्षा जास्त! पण हे आकडे लॉगमध्ये वाचतात, एक लॉग म्हणजे दहापट. पहिला ५.८१, दुसरा ६.१५, फरक ०.३४ लॉगचा. अर्ध्या लॉगपर्यंतचा, म्हणजे साधारण तिप्पटपर्यंतचा फरक तपासणीचा आणि शरीराचा नेहमीचा चढउतार धरतात. आजार वाढला असं त्यातून निघत नाही. जुन्या रिपोर्टवर 'कॉपीज' असेल आणि नव्यावर 'आययू', तर तुलनाच करू नये, ती मोजायची दोन वेगळी मापं आहेत.

व्हायरल लोड आणि लिव्हरचं नुकसान यांचाही थेट संबंध नाही. चाळीस लाख असलेल्याचं लिव्हर ठणठणीत असतं आणि चाळीस हजारवाल्याला सिरोसिस, म्हणजे व्रण पडून लिव्हर कडक होण्याचा आजार, असतो. 'एसजीपीटी नॉर्मल आहे, मग व्हायरस कसा?' हाही नेहमीचा पेच. एसजीपीटी वर-खाली होत राहतं, बरेच दिवस नॉर्मलही राहतं. नुकसान जोखायला एपीआरआय नावाचा साधा हिशेब आहे. एसजीओटीला (एसजीपीटीच्या जोडीची लिव्हरची तपासणी) लॅबच्या वरच्या मर्यादेनं भागायचं, १०० नं गुणायचं, मग प्लेटलेटनं भागायचं. एसजीओटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट एक लाख असतील तर उत्तर २ येतं. तेवढ्याच एसजीओटीवर प्लेटलेट दोन लाख असतील तर १. उत्तर २ किंवा वर गेलं की सिरोसिस धरून पुढची पावलं टाकतात. प्लेटलेट हिशेबात हजारांत घालायच्या, म्हणजे एक लाख साठ हजारासाठी १६०. रिपोर्टवर १.६ लाख छापलेलं बघून १.६ घातलं की उत्तर शंभरपट येतं आणि माणूस उगीच सिरोसिसचा ठरतो. कावीळ किंवा डेंगी चालू असताना मात्र हा हिशेब करू नये. एसजीओटी आणि प्लेटलेट दोन्ही त्या आजारानं बिघडलेले असतात.

नॉट डिटेक्टेड आला, आता?

अँटीबॉडी रिऍक्टिव्ह, आरएनए नॉट डिटेक्टेड, गेल्या सहा महिन्यांत कुठलीही जोखीम नाही, लिव्हर ठीक असेल तर चालू संसर्ग नाही. औषध नाही, पथ्य नाही. गेल्या सहा महिन्यांत सुई टोचली, रक्त चढवलं, डायलिसिस सुरू झालं असं काही असेल, तर १२ ते २४ आठवड्यांनी आरएनए परत. नव्या संसर्गात विषाणू मधेच काही दिवस दिसेनासा होतो आणि पुन्हा वर येतो, म्हणून एका निगेटिव्हवर 'आपोआप गेला' म्हणायचं नाही.

अँटीबॉडी नॉन-रिऍक्टिव्ह आणि आरएनए पॉझिटिव्ह आला, आणि माणूस ना डायलिसिसवर, ना जोखमीचा, तर आधी नमुन्याची अदलाबदल आणि पीसीआरमधलं दूषण तपासा, विशेषतः आकडा अगदी लहान असेल तर. नवीन रक्त, नवीन ट्यूब, तपासणी परत.

अदलाबदलीवरून सीमाभागाची खास अडचण. एकच माणूस कन्नड फॉर्मवर, मराठी आधाराच्या झेरॉक्सवर आणि लॅबच्या इंग्रजी संगणकात तीन वेगळ्या तऱ्हेनं लिहिला जातो. कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं गावाचं नाव आडनावाच्या जागी. एका गावात त्याच आडनावाची पन्नास घरं. दोन रिपोर्ट विसंगत वाटले की आधी वय, लिंग, नमुना घेतल्याची तारीख-वेळ आणि बारकोड क्रमांक जुळवा. रक्त देताना ट्यूबवर चिकटवलेलं लेबल स्वतः वाचा. लेबल न लावलेली ट्यूब ट्रेमध्ये ठेवू देऊ नका.

आणखी एक घोळ तर हास्यास्पद आहे, पण होतो. एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बी. अँटी-एचबीएस म्हणजे लसीनं किंवा जुना संसर्ग बरा होऊन आलेलं बीविरुद्धचं संरक्षण. अँटी-एचसीव्ही म्हणजे सी. एका रिपोर्टवर अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह आणि दुसऱ्यावर अँटी-एचसीव्ही निगेटिव्ह बघून 'रिपोर्ट जुळत नाहीत' म्हणत लोक येतात. अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह ही लस घेतलेल्यासाठी आनंदाची बातमी.

ऑपरेशन, रक्तदान, बाळ

रिऍक्टिव्ह कार्ड हे ऑपरेशन रद्द करायचं कारण नाही. हातमोजे, सुयांची विल्हेवाट, निर्जंतुक हत्यारं हे सगळं प्रत्येक रुग्णासाठी तितकंच काटेकोर हवं. अँटीबॉडी यायच्या आधीच्या काळातला माणूस कार्डावर निगेटिव्ह दाखवूनच टेबलावर येतो, त्याचं काय करणार? सर्जनना विचारायचं ते असं, 'डॉक्टर, प्लेटलेट, पीटी-आयएनआर, अल्ब्युमिन ठीक असेल तर आरएनएचं रक्त पाठवून ठरलेल्या दिवशी ऑपरेशन करता येईल का?'

रक्तपेढीचा हिशेब वेगळा. तिथं रिऍक्टिव्ह आलेली पिशवी फेकूनच देतात आणि दात्याला पुढं रक्तदानाला बोलवत नाहीत, मग त्याचा आरएनए निगेटिव्ह का येईना. हा नियम रक्त चढवून घेणाऱ्याच्या सुरक्षेसाठी आहे. त्यातून दात्याच्या आजाराचा अर्थ काढू नये.

आईला संसर्ग असेल तर बाळाची अँटीबॉडी १८ महिन्यांच्या आधी तपासूच नये. आईची अँटीबॉडी नाळेतून आलेली असते, रिपोर्ट हमखास रिऍक्टिव्ह येतो आणि घरात रडारड होते. शंभरातल्या साधारण ५ ते ६ बाळांनाच खरा संसर्ग होतो. आधी जाणून घ्यायचंच असेल तर दोन महिन्यांनंतर आरएनए. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तेवढे दिवस सोडून. घरात कुणाचंही ताट-तांब्या वेगळं करायची गरज नाही. वस्तरा, ब्लेड, नखं कापायचं यंत्र आणि टूथब्रश तेवढे वेगळे.

औषधानंतर

सिरोसिस नसलेल्याला सरकारी कार्यक्रमात सोफोसबुव्हिर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिग्रॅ, दोन्ही रोज एक, १२ आठवडे, असा साधारण कोर्स असतो. सुरू करण्याआधी एचबीएसएजी झालेलं हवं. सी जाताना दबलेला बी उसळू शकतो. ॲमिओडॅरोन, फिट्सच्या आणि टीबीच्या गोळ्या, ॲसिडिटीची औषधं, सगळ्यांची यादी डॉक्टरांना आधी द्या. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन सोबत असेल तर हे औषध रक्तात टिकत नाही.

बरे झालो की नाही हे कोर्स संपल्या दिवशी कळत नाही. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी केलेला आरएनए नॉट डिटेक्टेड आला की बरं झालं असं धरतात. मधे चौथ्या आठवड्यात किंवा कोर्सच्या शेवटी 'डिटेक्टेड, १५ पेक्षा कमी' आला तर औषध वाढवायचं किंवा बदलायचं नाही. असे बरेच जण १२ आठवड्यांच्या तपासणीत बरे झालेले दिसतात.

त्यानंतर अँटीबॉडी परत तपासायची नाही, ती रिऍक्टिव्ह येणारच. अडचण येते आखाती देशांच्या व्हिसाच्या मेडिकलला. तिथं अँटी-एचसीव्हीच बघतात आणि रिऍक्टिव्ह आला की बऱ्याचदा अनफिट शिक्का मारतात. कारवार-खानापूरकडून जायचा विचार असलेल्यानं एजंटाला पैसे देण्याआधीच हे ध्यानात घ्यावं. अँटीबॉडी 'धुवून काढायचं' औषध विकणारे भेटतात. तसलं काही नसतं.

बरं झालेल्याला पुन्हा संसर्ग होऊ शकतो, आधीची अँटीबॉडी संरक्षण देत नाही. डायलिसिस चालू आहे किंवा जोखीम संपलेली नाही अशा माणसाची दर सहा महिन्यांनी तपासणी करायची ती फक्त आरएनएची. आणि सिरोसिस असलेल्यानं विषाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी चालू ठेवायची, कारण लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कमी झाला तरी संपत नाही.